साहेबांच्या बशा, आमची मडकी

पुरातत्त्व खात्यात तिला सगळे खापरमावशी म्हणायचे. ओळखपत्र नाही, बसायला खुर्ची नाही. पण गोऱ्यांच्या जुन्या वखारीच्या टेकाडावर बावीस वर्षं कंबर मोडून तिनं तुकडे वेचले. निळ्या नक्षीची बशी कोणत्या दशकातली, बाटली फुंकलेली की साच्यातली, हे ती पदवीवाल्यांच्या आधी सांगायची. ते मान डोलवायचे आणि स्वतःच्या नावानं लिहायचे.

खात्याच्या पहिल्या साहेबानं तिला बजावलं होतं, "चकचकीत, नक्षीचं, शिक्क्याचं तेवढंच पिशवीत. साधं लाल मडकं म्हणजे कचरा." तिनं इमानेइतबारे टोपल्याच्या टोपल्या खड्ड्यात ओतल्या. पुढे त्यावरून डांबरी रस्ता गेला.

यंदा खात्यात आलेल्या नव्या अधिकारी बाईंनी त्या पिशव्यांवरून काळ ठरवला. वखार दीडशे वर्षांची. आणि पायथ्याची मजूरवस्ती? 'तेव्हाचा एकही पुरावा नाही, वस्ती अलीकडची.' म्हणजे अतिक्रमण. म्हणजे बुलडोझर. मावशीचं घर तिथलंच, पणजीच्या हातचं.

मावशी तडक ऑफिसात शिरली. "बाई, गोरा साहेब काय लाल मडक्यात स्वयंपाक करायचा? आमच्याच माणसांची होती ती. मीच फेकली!"

"नोंद आहे का मावशी?"

"कचऱ्याची नोंद ठेवतं का कुणी? तुमच्याच साहेबाला विचारा!"

"आता रस्त्याखालून काढली तरी मूळ जागा सुटली. ती पुरावा म्हणून धरत नाहीत."

"आणि गोऱ्याच्या बशा धरतात. वा!"

बाईंनी खाली बघत एक छापील कागद पुढे सरकवला. 'पृष्ठभागावरील सर्व अवशेष गोळा केले.' खाली वेचणाऱ्याच्या सहीची रिकामी जागा.

पिशव्यांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून मावशी अक्षरं शिकली होती. तिनं 'सर्व' खोडलं आणि वर लिहिलं, 'फक्त साहेबांच्या घरचे. मजुरांचे मी फेकले, सांगितलं म्हणून.' मग सही ठोकली, बापाच्या नावासकट.

बाईंनी तो कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला, तसाच दुसरा कोरा काढला आणि दारातल्या वॉचमनला हाक मारली. तो टेकाडावर एकदाही चढला नव्हता.

"इथं सही कर रे."

"कशाची, मॅडम?"

"कर तू."

त्यानं केली. मावशीकडे न बघता. अहवाल त्याच दुपारी वर गेला.