शिकागो न पाहिलेले शिकागो-सान

शिकागो-सानांना झोपेतून उठवून विचारलं, "डेन्व्हर?" तरी ते घडाघडा म्हणायचे, "दोन, चार, सात, नऊ, एकतीस." "सिॲटल?" "चार, पाच, सात, नऊ, अकरा, तेरा." अमेरिकेतल्या कुठल्या शहरात कुठल्या आकड्यावर टीव्ही स्टेशन लागतं, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि या बुवांनी अमेरिका नकाशाबाहेर कधी पाहिलेली नव्हती! शिकागोवर विशेष जीव, म्हणून टोकियोच्या ऑफिसातल्या जपान्यांनीच, आपल्या 'राव'सारखं त्यांचं 'सान' जोडून, हे नाव पाडलं, आणि आम्हीही तेच चालवलं.

आम्ही दोघंही पुण्याहून कंत्राटावर गेलेलो. अमेरिकेत विकायच्या टीव्हींचं सॉफ्टवेअर तपासायचं, हे आमचं काम. तिकडे नुकतंच जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल आलं होतं आणि सगळ्या शहरांचा घोळ झाला होता. पडद्यावर दिसणारा आकडा एक, प्रत्यक्ष हवेतला दुसरा. "शिकागोत पडद्यावर दोन दिसतं ना, ते येतं बारावरून," शिकागो-सान सांगायचे. "पण बाराला कोण विचारतो?" एकेका शहराचे हे आकडे शोधून त्यांनी एका जाड वहीत पेन्सिलीने उतरवले होते, कित्येक महिने खपून. मी फक्त त्या वहीवरून संगणकावर नीटनेटकं कोष्टक केलं. फाइल माझी, म्हणून वर नाव माझं आलं.

टोकियोतल्या फुनाबोरी भागात ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. रविवारी वहिनी मला हक्काने जेवायला बोलवायच्या. त्या हिवाळ्यात ठरलं, की ऑफिसातल्या दोघांनी शिकागोला जाऊन खऱ्या अँटेनावर टीव्ही तपासायचा. एक जपानी, एक आम्हा दोघांपैकी. जो जाईल त्याचं कंत्राट वाढणार, हे उघड होतं. शिकागो-सानच जाणार हे सगळे धरून चालले होते. वहिनींनी तर जाड कोटही आणून ठेवला. "कंत्राट-बिंत्राट सोड रे," ते मला म्हणाले, "मला एकदा तिथे बसून बटण दाबायचंय आणि ते दोन आलेलं बघायचंय."

मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी कोष्टक उचललं, वरचं नाव वाचलं आणि मला म्हणाले, "फार सुंदर काम. तुम्हीच जा." जपानात कौतुक झालं की वाकायचं असतं. मी वाकलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसता वाकलो. "वही यांची आहे," एवढं सांगायला असा कितीसा वेळ लागला असता? पण नालायकपणाला शिष्टाचार म्हणायला मी तिथे चांगलाच शिकलो होतो. शेजारी शिकागो-सान वही मिटून बसले होते. त्यांचं जपानी बेताचं, भांडण्याइतकं नव्हतंच.

बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "वाकलं की तोंड दिसत नाही, बरं असतं."

मी निघालो त्या दिवशी ते वही आणि कोट, दोन्ही घेऊन खाली आले. "तिथला वारा वाईट असतो म्हणे. आणि हे बघ, दोन लागेना झालं तर अँटेना खिडकीशी ने, लांब कांड्या पूर्ण ओढ. लागलं की मला फोन कर. नुसता आवाज ऐकव."

शिकागोत दोन खरंच लागेना. त्यांनी सांगितलं तसं केलं, आणि लागलं. बरोबरच्या जपान्याने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. फोन मी केला नाही. वेळ नव्हता, असं बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. मला तोंड नव्हतं.

परत आलो तोवर त्यांचं कंत्राट संपल्याचं पत्र आलेलं होतं. मी चॉकलेटं पुढे केली. मला लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

"दोन लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागलं. बारावरूनच."

त्यांनी वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि वही माझ्याच टेबलावर ठेवली. कोट परत देऊ लागलो, तर घेईनात. "पुण्यात कुठे घालू?"

शेवटच्या दिवशी ते सगळ्यांचा निरोप घेत आमच्यापाशी आले. विभागप्रमुखांनी त्यांचे दोन शब्दांत आभार मानले आणि त्यांच्या देखतच मला विचारलं, "कोष्टक यापुढेही तुम्हीच सांभाळाल ना?" एवढं जपानी शिकागो-सानांना कळत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

मी वाकलो. चांगला कमरेतून, स्वतःचे बूट दिसेपर्यंत.