पेल्यावरचा चमचा

शिवणयंत्रावर मान मोडून बसणाऱ्या सुनेने मोबाईलवर पाहून स्वसंमोहन शिकून घेतलं. खुर्चीत बसून डोळे मिटायचे, दहापासून उलटे आकडे मोजायचे आणि मनाला बजावायचं, 'कानी पडेल तो आवाज मला आणखी शांत करेल.' शिकवणाऱ्याला काय ठाऊक, या घरात आवाज एकच! अंथरुणाला खिळलेली सासू पाणी हवं असलं की पेल्यावर चमचा आपटायची. वीस वर्षं सुनेला घालूनपाडून बोलली, आता जीभ लुळी पडली होती.

त्या दुपारी चमचा बराच वेळ वाजला, मंदावला, थांबला. सुनेने डोळे उघडले तेव्हा सासू गार पडली होती.

आठवड्याने ती पुन्हा खुर्चीत बसली. आकडे संपले, पण मन काही निवेना. शेवटी तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, आईंचा पेला जरा वाजवत बसा ना."