परक्याच्या नावावरची धूळ

स्वित्झर्लंडमधील एका पुरातन नगरात कन्येच्या घरी मुक्काम असता, एके सकाळी एक वृद्धा स्टुलावर चढून आपल्या घराच्या बाहेरील भिंतीवरची दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसत असलेली मी पाहिली. त्या गल्लीत घरोघरी, पूर्वी तेथे राहून गेलेल्यांच्या नावाच्या, अशा पाट्या आहेत. कुठे शतकांपूर्वीचा मुद्रक, कुठे वैद्य, कुठे ताऱ्यांचा अभ्यासक. इतकी थोर माणसे याच फरसबंदीवरून दूध आणावयास गेली असतील, या विचाराने तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिता लिहिता केस पिकवलेला माझ्यासारखा मनुष्यही नतमस्तक झाला.

"तिच्या पाटीवरचे हे वैद्यबुवा तिचे पूर्वज का, विचार बरं," मी कन्येस म्हटले.

तिने विचारले. वृद्धा हसून काहीतरी बोलली.

"ती भाडेकरू आहे, बाबा. म्हणते, ते माझ्या आधी इथे राहायचे, म्हणून पुसते."

"भाडेकरारात तशी अट असेल."

"तुम्हाला जिकडेतिकडे अटच दिसते. काही अटबिट नाहीये."

गावाकडील आमचे घर विकण्याचे घाटत होते. त्याच्या दारावर माझ्या दिवंगत पत्नीचे नाव कोरलेले आहे. घेणारा ते छिन्नीने काढील, या धास्तीने मी सही अडवून धरली होती आणि नाव राखण्याची कलमे मनात रचीत होतो. त्या ओल्या पाटीपुढे ती सर्व मला पोकळ वाटली.

"घर विकू," मी म्हणालो. "पण सहीआधी घेणाऱ्याला गावी आपल्या ओसरीवर बोलाव. तुझी आई कोण होती, ते मला त्याला सांगायचंय."