रूपाबाई आणि एकादशीचं रताळं

माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणजे रूपा साळवे. कुत्र्यांचे मालक परवडले; ते चार प्रश्न विचारून घरी जातात. रूपाबाई सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत माझ्या मानगुटीवर असतात.

मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझा जनावरांचा दवाखाना आहे. नऊ वर्षांपूर्वी रूपाबाई इथे फरशी पुसायला म्हणून आल्या. माहेर दौलताबादचं. वडील किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकायचे आणि ही मुलगी पर्यटकांना गाठून विचारायची, एवढ्या लांबून हे दगड बघायला कामून आलात? दहावीनंतर लग्न झालं, शाळा सुटली, ‘कामून’ काही सुटलं नाही. आता त्या कुत्री धरतात, सलाईन लावताना मदत करतात, भांडी धुतात आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खातात. मांजर औषध थुंकतं आन्‌ कुत्रं गिळतं, कामून? म्हशीला उलटी होत नाय, कामून? मी तापट माणूस आहे. बाहेर बारा पेशंट ताटकळत असताना मला असली चौकशी खपत नाही, आणि ते मी लपवतही नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात कालिंदी धर्माधिकारी बुंदीला घेऊन आल्या. कालिंदीबाई सिडकोत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. जाण्यापूर्वी त्याने आईला सोबत म्हणून आणून दिलेली ही शिह त्झू जातीची झिपरी कुत्री. अकरा महिन्यांची झाली तरी वजन जेमतेम अडीच किलो. कधी छान खेळायची, तर कधी एकाच जागी गोल गोल फिरायची, लाळ गाळायची, भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची. दोनदा झटकेही आले होते.

“वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी उभी असते हो,” कालिंदीबाई म्हणाल्या. “हाक मारली तरी ओळख देत नाही.”

रक्तात यकृताचे आकडे थोडे वर दिसले, म्हणून मी आणखी एक तपासणी सांगितली. उपाशीपोटी रक्त घ्यायचं, मग पोटभर खाऊ घालायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. जेवणानंतर आतड्यात सुटलेलं पित्त धडधाकट यकृत परत उचलून घेतं. ते जमलं नाही तर पित्त रक्तात साचतं आणि दुसरा आकडा उडी मारतो. बाईंनी घरून डबा आणला, बुंदीने खाल्लं, आम्ही रक्त पाठवलं. रिपोर्ट आला तो धड इकडे ना तिकडे. पहिला आकडा ठीक, दुसरा किंचित वर.

त्या दिवशी बुंदीचं भांडं धुताना रूपाबाईंनी मोरीतून विचारलं होतं, “डॉक्टरसाहेब, ही रोज हेच खाती का?”

“भांडी घासा,” मी म्हणालो.

मी मिरगीचं निदान करून झटक्यांच्या गोळ्या सुरू केल्या. बुंदीची तब्येत आणखीच खालावली. दिवसभर ग्लानीत, मधूनच भिंत. तीन आठवड्यांनी कालिंदीबाईंनी गोळ्या बंद केल्या आणि आठवडाभराने फोन केला. आवाज कोरडा होता. “डॉक्टर, तिचे हाल बघवत नाहीत. शेवटचं इंजेक्शन द्या. आज चांगला दिवस आहे, आजच घेऊन येते.”

त्या आल्या, रडून डोळे सुजलेले. मी इंजेक्शन भरायला घेतलं. आणि टेबलावर ठेवलेली बुंदी उठून रूपाबाईंच्या पदराशी झोंबायला लागली. पदर तोंडात धरून खेचते काय, शेपटी हलवते काय!

“आज ही बरी हाय,” रूपाबाई म्हणाल्या. “कामून?”

“रूपाबाई, आता नको.” मी दात ओठ खाऊन म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “मावशी, आज काय खाल्लं हिनं?”

“आज एकादशी ना,” कालिंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “माझ्याबरोबर तिचाही उपास असतो. दशमीला एकदाच जेवण, एकादशीला उकडलेलं रताळं. एकादशीला ती नेहमीच शहाण्यासारखी वागते. मला वाटायचं, पुण्याई.”

“आन्‌ दुसऱ्या दिवशी?”

“द्वादशीला पारणं. उपाशी राहिलेली असते म्हणून दुप्पट देते. ते कुत्र्यांचं, पाकिटातलं.” पाकिटावर कोंबडीचं चित्र होतं, म्हणून बाई ते फडताळात उलटं ठेवत, हे नंतर कळलं.

“मंग लगेच भिंतीपाशी जाती, व्हय ना?”

“हो की,” कालिंदीबाई म्हणाल्या. रूपाबाई माझ्याकडे वळल्या. “त्या दिवशी रगत घेतलं तवाबी भांड्याला रताळ्याची सालं होती. तेच विचारायले होते मी. तुमी म्हणलात, भांडी घासा.”

भरलेली सिरिंज माझ्या हातात तशीच राहिली. तपासणीची तारीख मी काढून पाहिली. एकादशीच होती. मी त्यांना “नेहमीचं खाणं आणा” म्हणालो होतो, आणि बाईंच्या घरी एकादशीला नेहमी रताळंच असतं. मांस-अंड्याचा, चरबीचा कणही नसलेल्या, पित्त फारसं सुटूच न देणाऱ्या त्या जेवणावर मी यकृताची परीक्षा घेतली होती. चूक त्यांची नव्हती. डबा उघडून पाहायला मला एक मिनिट लागलं असतं. मला भयंकर शरम वाटली.

सिरिंज रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पारण्याचं तेच पाकीट घेऊन बाई आल्या. रक्त घेतलं, बुंदीला खाऊ घातलं आणि दोन तास रूपाबाई फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. दीड तासाने बुंदी उठली, डुलत डुलत गेली आणि औषधांच्या कपाटाला डोकं लावून उभी राहिली. या वेळी दुसरा आकडा पहिल्याच्या बारापट आला. सोनोग्राफीत एक वाकडी शीर सापडली.

“शीर वाकडी म्हंजी?” रूपाबाईंनी विचारलं. आता मी चिडलो नाही. कागद घेऊन चित्रच काढलं. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. तिथे प्रथिनं पचताना तयार झालेलं विष गाळलं जातं, मग शुद्ध झालेलं रक्त अंगभर फिरतं. काही लहान जातीच्या कुत्र्यांत जन्मतःच एक जास्तीची शीर असते. तिच्यातून रक्त यकृताला टाळून पुढे जातं आणि ते विष थेट मेंदूत पोचतं. यकृताला रक्तच मिळत नाही, म्हणून ते वाढत नाही आणि कुत्रंही वाढत नाही.

“म्हंजी नाक्यावर न थांबता बीड बायपासनं पळालेला ट्रक,” रूपाबाई म्हणाल्या. “मंग तो बायपास बांधून टाका की.”

एकदम बांधला तर सगळं रक्त त्या इवल्या यकृतावर कोसळतं आणि कुत्रं दगावतं. म्हणून शिरेभोवती एक छोटं कडं बसवतात. ते आतून हळूहळू फुगतं आणि काही आठवड्यांत शीर बंद होते. तोवर यकृताला सवय होते. रूपाबाईंनी ते चित्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. ज्याने हे शोधलं त्याला कोणी कामून विचारलं असंल, असं त्या दिवसभर पुटपुटत होत्या.

दीड महिना आम्ही पोट साफ ठेवणारं पातळ औषध, अँटिबायोटिक आणि भात, थोडं पनीर यांवर बुंदीला तयार केलं. मग मुंबईत ऑपरेशन झालं. आधीच सर्जननी सांगितलं होतं, वाचण्याची शक्यता चांगली, पण खात्री देणार नाही. कालिंदीबाई तिथे चार दिवस बाकावर बसून होत्या. तीन महिन्यांनी आम्ही तीच तपासणी पुन्हा केली, पंचांग बघून. आकडा उतरला होता. बुंदी चार किलोची झाली होती आणि माझ्या बुटाची नाडी खात होती. कालिंदीबाई रूपाबाईंचे दोन्ही हात धरून हमसून हमसून रडल्या. मलाही राहवलं नाही.

त्या गेल्यावर रूपाबाईंनी फरशी पुसता पुसता विचारलं, “ह्याच्या आधी अशी किती आली असतील, डॉक्टरसाहेब? त्यांना आपण काय सांगितलं?”

मी काहीतरी तिरसट बोललो. पण दुपारी जुनी कार्डं काढून बसलो. लहान जात, कमी वजन, झटके, आणि खाली माझ्या अक्षरात: मिरगी. अशी पाच कार्डं निघाली. तीन नंबर बंद होते, एकाने उचललं नाही. पाचवा गुलमंडीतल्या कापडवाल्या बद्रीनाथांचा. त्यांचा पॉमेरेनियन मी दोन वर्षं गोळ्यांवर ठेवला होता.

“गेला हो तो,” बद्रीनाथ म्हणाले. “पण तुमी लई केलं, डॉक्टर. आमी विसरलो नाय.”

फोन तिथेच ठेवता आला असता. रूपाबाई पोछा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“बद्रीनाथजी, माझं निदान चुकलं असावं,” मी म्हणालो. “तो कशानंतर आजारी पडायचा, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं.”

पलीकडे कापड फाडल्याचा आवाज आला.

“जेवला की भिंतीपाशी जायचा,” ते म्हणाले. “सांगितलं होतं की मी तुमाला.”