मामांची खाडी

परमेश्वराने रत्नागिरी घडवली त्या दिवशी माझ्या बायकोचे मामा तिथे जातीने हजर होते, याविषयी निदान त्यांना स्वतःला तरी शंका नव्हती. डोंगर कुठे ठेवायचा, समुद्र कुठवर आत घ्यायचा, खाडीला वळण कुठे द्यायचं, हे सगळं त्यांना विचारून झालं असावं अशा थाटात ते बोलत. तीस वर्षं कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, आणि तीस वर्षांत दाबून ठेवलेलं सगळं बोलणं त्यांनी भाट्याच्या खाडीसाठी राखून ठेवलं होतं. घरी पाहुणा आला, मग तो कुणाचाही असो, त्याचा चहा पिऊन होतो न होतो तोच मामा अंगणात जात, बोटांवर तिथी मोजत, तिला मनातल्या मनात पाऊणकीच्या पाढ्याने गुणत आणि जाहीर करत, "साडेचारला भरती पुरी. तीनला निघायचं." पाहुणा बिचारा म्हणे, "मी देवदर्शन करून येणार होतो, जमलं तर किल्ला बघणार होतो." मामा त्याच्याकडे दयेने बघत. "अहो, जमिनीवरून रत्नागिरीची नुसती पाठ दिसते. तोंड बघायचं तर पाण्यात उतरायला हवं."

मी वाईकडचा. कृष्णेच्या घाटावर वाढलेला. पाण्यात डुबकी मारायची आणि बाहेर येऊन कपडे पिळायचे, एवढाच माझा पाण्याशी संबंध. रत्नागिरीच्या शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून आलो आणि दोन वर्षांत तिथलाच जावई झालो. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मामांनी मला राजिवड्याच्या बंदरावर नेलं. तिथे हसन नावाचा त्यांचा ठरलेला होडीवाला होता. मी बूट घालून होडीत पाय टाकणार, तोच मामा ओरडले, "जोडे काढा! दुसऱ्याच्या घरात जोडे घालून शिरता काय?" त्यांनी स्वतःचे जोडे कधीच काढून उपरण्यात गुंडाळले होते. त्यांचा कोट मात्र दोन्ही बाजूंनी विलक्षण फुगला होता. हसनने माझ्या कानाशी लागून खुलासा केला की मामांना पोहता येत नाही, म्हणून ते आतून कमरेला दोन सुके सालासकटचे नारळ बांधून येतात. मामांनी हे ऐकलं. "ते समुद्राच्या मानाचे आहेत," ते म्हणाले. समुद्राला ते नारळ त्यांनी कधी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पण होडी एकदा काठ सोडून प्रवाहाला लागली की मामांची चेष्टा करावीशी वाटत नसे. भरतीचं पाणी समुद्राकडून हलक्या पावलांनी आत येत असे आणि होडीला पाठीवर घेऊन पूर्वेकडे चालू लागे. एका अंगाला भाट्याचे माड, दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडाचा लाल कडा, आणि त्या कड्यावर ब्रह्मदेशच्या राजाचा रिकामा वाडा. राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तो इथेच वारला, आणि वाड्यात आता वारा राहत होता. मामा हात वर करून म्हणत, "रोज संध्याकाळी राजा त्या गच्चीत बसायचा. आपल्या देशातल्या नदीचं नाव घेऊन या खाडीला हाक मारायचा. आणि खाडी ओ द्यायची. काय हसन?" हसन म्हणे, "द्यायची मामासाहेब. माझ्या बापानं ऐकलाय." मग पुढच्या वळणाला मामा बोट वर करत. हसन वल्हं उचलून आडवं ठेवी. त्या ठिकाणी बोलायचं नाही असा नियम होता. तिवरांची मुळं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी दिसत, एखादा खंड्या निळी रेघ ओढून जाई, वल्ह्यावरून थेंब गळत ते मोजता येत. डोळे उघडे ठेवूनही झोपेत असल्यासारखं वाटे. तेवढा वेळ मामा खरोखर गप्प राहत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे की ही खाडी त्यांनी कचेरीतून सुटल्यावर रोज थोडी थोडी स्वतःच भरली असावी.

एका गोष्टीत मात्र गोंधळ होता. ते वळण घेतलं की पाण्यात एक काळी शिळा होती. तिच्याविषयीची हकीकत माणसागणिक बदले. कीर्तनकार पाहुणे आले तेव्हा तिच्यावर बारा वर्षं एक ऋषी एका पायावर उभा होता. गलबतांचे व्यापारी आले तेव्हा तिच्यावर मोत्यांनी भरलेला पडाव फुटला होता. माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता, तर शिळेखाली गोड्या पाण्याचा झरा निघाला आणि तो नेमका त्याच विकारावर गुणकारी ठरला. सासरे पुढे दोन महिने हसनकडून त्या पाण्याचे तांबे मागवत होते. मला गंमत वाटे, आणि मास्तरकीमुळे थोडी चीडही येई. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. चोविसाव्या वर्षी माणसाला खरं काय ते नक्की ठाऊक असतं.

त्या हिवाळ्यात आमच्या हेडमास्तरांकडे पुण्याचे दोन विद्वान गृहस्थ उतरले. जुने कागद जमवणारे, नाकावर चष्मा, बोलण्यात शिस्त. मामांनी त्यांना होडीत घातलंच. मीही गेलो. शिळा आली आणि मामांना स्फुरण चढलं. त्या दिवशी शिळेवर आरमारातलं गलबत हाकणाऱ्या एका तांडेलाची बायको सात रात्री मशाल धरून उभी होती, आणि तिच्या उजेडावर तीन गलबतं वादळातून आत आली. मामांचा आवाज भरून आला होता. वल्हं थांबलं होतं. तेवढ्यात त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "याला आधार काय?"

मामा गोंधळले. "आधार? ही काय शिळा."

गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही इतिहास शिकवता ना, मास्तर? तुमचं मत काय?"

मला वाटलं, पुण्याच्या माणसांसमोर आपण गावंढळ ठरता कामा नये. मी म्हणालो, "कागदोपत्री काहीच नाही. मामा माणूस बघून गोष्ट सांगतात. गेल्या महिन्यात याच शिळेवर ऋषी होता."

पाहुणे मोठ्याने हसले. मामाही हसले, आमच्याइतकेच. पण परतताना त्यांनी ना राजवाडा दाखवला, ना बोट वर केलं. बंदरावर उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि जोड्यांची गुंडाळी काखेत तशीच ठेवून ते अनवाणी घराकडे चालू लागले. मी मागून हाक मारली. त्यांना ऐकू आली नसावी, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मामांनी खाडी सोडली. पाहुणे येत, चहा पीत, मामा आभाळाकडे बघतही नसत. "हल्ली गाळ फार साचलाय," एवढंच म्हणत. त्याहून वाईट म्हणजे ते खरं बोलू लागले. शाळेतून माझ्याच नावावर जाडजूड पुस्तकं मागवून घेत आणि बारीक अक्षरात टिपणं काढत बसत. मामींनी विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" तर म्हणत, "एका घासावरून निश्चित सांगता येणार नाही." शेजारचे जोशी सकाळी ओटीवर येऊन म्हणत, "काय थंडी पडलीये!" तर मामा विचारत, "कशावरून?" जोशी यायचे बंद झाले. हसन दोनदा येऊन अंगणात उभा राहून गेला. मी माफी मागायला म्हणून गेलो, तर मामांनी मला सन्मानाने पाट दिला आणि म्हणाले, "तुम्ही चुकीचं काय बोललात? मीच चुकत होतो."

याच्यावर तोड सापडली ती मामींना. मामी म्हणजे ठेंगणी, चटपटीत, दिवसभर स्वयंपाकघर आणि परसू यांच्यामध्ये फिरणारी बाई. एका सकाळी मी आणि माझी बायको तिथे असताना मामी हात पुसत बाहेर आल्या आणि मामांना म्हणाल्या, "रविवारी भरती केव्हा हो?"

"पाचाच्या आत. का?"

"मला खाडीतून न्या."

मामांनी टिपणाचा कागद खाली ठेवला. "तुला? तुला काय बघायचंय?"

"सगळ्या जगाला दाखवलंत तेच. इतकी वर्षं तुमच्या डब्यात दडपे पोहे मी भरले. डबा शंभरदा खाडीतून फिरून आला. मी नाही गेले."

"अगो, मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मामांनी पुरावा मागावा असं त्या बोलण्यात काहीच नव्हतं.

रविवारी आम्ही चौघं निघालो. मामी नवं लुगडं नेसून, होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसल्या. मामांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. "उत्तरेस राजिवडा. वस्ती बहुतांशी मासेमारी करणाऱ्यांची. दक्षिणेस भाट्ये. माडांची लागवड चांगली."

मामींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "आणि राजा?"

"राजा होता. आता नाही."

"तो खाडीला हाक मारायचा ना?"

"त्याला आधार नाही," मामा कागदातून मान वर न करता म्हणाले.

मग मामी माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, ह्यांना वाचू दे. मी दाखवते तुम्हाला. इतकी वर्षं ह्यांची तालीम माजघरातून ऐकतेय, सगळं पाठ आहे. तो बघा राजवाडा!" मामींनी पलीकडच्या काठावरच्या काथ्याच्या वखारीकडे बोट केलं. "तिथे गच्चीत राजा बसायचा." वखारीला गच्ची नव्हती, धड छप्परही नव्हतं. हसनने वल्हं थांबवलं. मामांचे कान लाल झाले. मामी रंगात आल्या. खाडीला ओ द्यायला लावलं, राजकन्यांना खाली पाण्यावर आणलं, आणि होडी जरा पुढे सरकल्यावर काठाजवळच्या पाण्याकडे बोट करत एकदम उठून उभ्या राहिल्या. होडी डुगडुगली. "आणि ती बघा ती काळी शिळा! तिच्यावर तांडेलाची बायको सात रात्री मशाल घेऊन..."

शिळेने कान हलवले.

"अगो, ती म्हैस आहे!" मामा ओरडले. "खाली बस आधी! शिळा पुढे आहे, वळणावर. आणि राजवाडा मागे राहिला, त्या कड्यावर. काथ्याच्या वखारीत बसवलंस तू राजाला!"

"मग तुम्ही सांगा ना नीट," मामी बसत म्हणाल्या.

मामांनी सांगायला सुरुवात केली. आधी चाचरत, मग जरा सैल होऊन. वळण आलं, खरी शिळा आली, मशाल पेटली, पहिलं गलबत दिसू लागलं, आणि तिथे मामा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मामींनी बघितलं. बायकोने तर असं बघितलं की तिच्या बाजूचा माझा खांदा गरम झाला.

"आधार आहे याला," मी म्हणालो.

"काय म्हणता?"

"एका जुन्या कागदात उल्लेख आहे. तेव्हा माझ्या बघण्यात आला नव्हता."

मामांची उभी हयात कागदांत गेलेली. "कुठल्या कागदात?" त्यांनी हळूच विचारलं.

"घरी गेल्यावर दाखवतो. तुम्ही आधी गलबतं आत घ्या, मामा. बाई केव्हाची उभी आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटा दाखला त्यांना शंभर पावलांवरून ओळखू येई. मग त्यांनी टिपणाचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला, म्हणाले, "दाखवा हं सवडीने," आणि तिन्ही गलबतं एकामागून एक, शिडं भिजलेली, माणसं मुकी झालेली, त्या वळणातून सुखरूप आत आणली. तो कागद त्यांनी मला पुढे कधीच मागितला नाही.

ओहोटी लागली तशी आम्ही परत फिरलो. सूर्य समुद्रात उतरत होता आणि पाणी त्याचं सोनं घेऊन आमच्याखालून हलके हलके निघून चाललं होतं. कड्यावरच्या वाड्याच्या सगळ्या खिडक्यांत एकदम उजेड झाला, जणू आत कुणी दिवे लावत फिरत होतं. मामींनी कड सोडून हात पाण्यात बुडवला. मग मामांना म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही वाढवून सांगता. तुम्ही तर कमीच सांगत होता."

मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. हसन उगीचच जोरात वल्हं मारू लागला.

पुढची सहा-सात वर्षं भरती सोयीची असली की दर रविवारी ती दोघं खाडीत जात. पाहुण्यांना जागा उरली तर मिळे. मामा गेले ते एका आषाढात, होड्या काठावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असताना. त्यानंतर मला मुंबईला नोकरी लागली आणि मामी आमच्याबरोबर गिरगावात राहायला आल्या. एका संध्याकाळी आम्ही त्यांना चौपाटीवर नेलं. त्या वाळूत बसून समुद्राकडे बघत राहिल्या. माझ्या बायकोने विचारलं, "कसा वाटला गो मामी, इथला समुद्र?"

"मोठा आहे," मामी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण सांगायला कुणी नाही गो."

मग त्यांनी पदर सावरला, बायकोचा हात धरून त्या उठल्या, आणि आम्ही तिघं ओल्या वाळूतून रस्त्याकडे चालू लागलो.