पडद्याच्या कडेनं येणारे

फोन सकाळी आला. सांगलीच्या घरी मी भाजी निवडत होते. साताऱ्याहून शेजारचे काका बोलत होते. माझा धाकटा भाऊ मिलिंद आंघोळीला गेला, तो बाहेर आलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. साताऱ्याच्या वाटेवर मला रडू आलं नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच्या डोळ्यांवर पहारा देत बसलो होतो आणि जे यायचं ते दुसऱ्याच बाजूनं आलं, एवढंच सारखं मनात येत होतं. आता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊनही काही आठवडे झालेत, तरी मी अजून तिथंच अडकले आहे...

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आमचे वडील, दादा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिलिंद बारावी होऊन भरतीची तयारी करत होता. सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण पळत चढायचा, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना कराटे शिकवायचा. त्याच सुमारास मामेभावानं पुण्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेट एकच, मुलांच्या एका कराटेच्या सिनेमावरून बनवलेली. तीन भाऊ, त्यांना लाथाबुक्क्यांची विद्या देणारे आजोबा आणि त्यांच्यावर चालून येणारे चोर. मुलगा डावीकडून उजवीकडे पळत राहायचा, त्याच्याबरोबर रान सरकायचं आणि मागं पडलेलं पुन्हा दिसायचं नाही. मिलिंदनं तो सिनेमा व्हिडिओवर पाहिला होता. त्यामुळे हा खेळ आपलाच, अशी त्याची समजूत होती.

वायर आखूड असल्यानं पडद्याला जवळजवळ चिकटूनच बसावं लागे. समोरून येणारा धिप्पाड पहिलवान मिलिंद एका उडीत लोळवायचा, पण वरच्या कोपऱ्यातून झेपावणारा एखादा किरकोळ पक्षी किंवा मागून येणारा काठीवाला त्याला हमखास पाडायचा. मित्रांना मजा वाटे. "टांग्याच्या घोड्यागत झापडं लावलीस का रं?" असं ते विचारत आणि मिलिंदही हसून घोड्यासारखा खिंकाळून दाखवी. मी माहेरपणाला आले होते, मीही हसले. आई मात्र हसत नव्हती. हातातलं सूप तसंच मांडीवर ठेवून ती खेळाकडे नाही, मिलिंदच्या मानेकडे बघत होती. पडद्याच्या कडेला काय आहे ते बघायला तो डोळे नुसते फिरवत नव्हता, अख्खी मान वळवत होता.

दुसऱ्या दिवशी तो खेळत असताना आई चहाचा कप घेऊन त्याच्या खांद्याशी उभी राहिली.  कप त्याच्या कानाच्या रेषेत धरून तशीच थांबली. आधी मला वाटलं, गंमत करतेय. चहावर साय धरली तरी त्यानं वळून पाहिलं नाही. मग ती कप घेऊन माघारी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकली. "माझ्या बापाचं आसंच हुतं," ती म्हणाली. "ताट दिसायचं, शेजारचा तांब्या न्हाई दिसायचा. आदी रातच्याला चाचपडायचा. मग दिवसाबी." आमचे हे आजोबा पूर्ण आंधळे होऊन गेले होते. म्हातारपणामुळे झालं असेल, असंच मी तोवर समजत होते.

मिलिंद भरतीत निवडला गेला. पळण्यात पुढे होताच, आणि डोळे तपासायच्या तक्त्यावरची अगदी खालची अक्षरंही त्यानं घडाघडा वाचली. समोरचं त्याला आमच्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. दादांनी वस्तीत पेढे वाटले. त्या संध्याकाळी आई त्यांना म्हणाली, "आवं, त्याला पाठवू नगासा. त्याचं डोळं माझ्या बापावर गेल्यात." दादा पेढ्यांचा पुडा बांधत होते. सरकारी डॉक्टरला कळलं नाही ते तुला कळलं का, असं त्यांनी विचारलं. मिलिंद उंबऱ्यात उभा होता. तो आईवर चिडला नाही की हसला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्याला आधीपासून ठाऊक होतं की काय...

शेवटी तो माझ्याकडे सांगलीला आला आणि आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूनं बोट हळूहळू आत आणलं. दिसलं की सांग, म्हणाले. बोट पुढे सरकत राहिलं. मला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल. मग डॉक्टरांनी विचारलं, आईच्या वडिलांना होतं का? हे आईकडून मुलाकडे येतं, मुलींना सहसा होत नाही पण त्यांच्यामार्फत पुढे जातं, हळूहळू वाढतं, यावर औषध नाही आणि कधी पूर्ण अंधार होईल ते सांगता येत नाही, असं त्यांनी समजावलं. ते माझ्याकडेही क्षणभर पाहत राहिले. माझी मुलगी तेव्हा रांगत होती.

हजर व्हायचा कागद आलेला होता. गेला असता तर निदान काही वर्षं कुणाला कळलं नसतं. दादांचंही तेच म्हणणं होतं, कळंल तवा कळंल. मिरजेच्या स्टँडवर बसची वाट बघताना मिलिंद म्हणाला, "ताई, रातच्या पहाऱ्यावर कडेनं कोण आलं तर मला न्हाई दिसणार. आन माझ्यामागं पोरं झोपल्याली आसणार." आजूबाजूला कंडक्टर ओरडत होते. त्यानंतर त्यानं उसाचा रस मागवला आणि मलाही प्यायला लावला.

तो हजर झाला नाही. दादांनी बरेच महिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग एका दुपारी मिलिंद एकटाच खेळत असताना दादा येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. थोडा वेळ नुसतं बघितलं आणि एकदम पहाऱ्यावरच्या आवाजात म्हणाले, "वर. डाव्या अंगाला. आला बघ." मिलिंदनं बटण दाबलं. पक्षी पडला. पुढे काही वर्षं ते दोघे असेच खेळत. तरी दादांचे इशारे दर खेपेला वाढत चालले आहेत, हे बाकीच्या घराला ऐकू येत होतं. वर, खाली, मागं... आणि एके दिवशी, "म्होरं. आरं म्होरं हाय की." त्या दिवशी मिलिंदनं खेळ बंद केला आणि वायर नीट गुंडाळून ठेवली.

पुढे त्याला एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली आणि ती त्यानं उत्तम केली. दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागं आई आणि मिलिंद दोघंच त्या घरात राहत.

परवा मी आईकडे गेले होते. बोलत बोलत आत पाणी आणायला गेले आणि येताना स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं राहिलं. अर्ध्या दाराची कड मिलिंदला कधीच दिसायची नाही, कपाळावर खोक पडायची. म्हणून त्या घरात दार एकतर पूर्ण लावलेलं असे, नाहीतर भिंतीला टेकलेलं. आई बोलायची थांबली. गुडघ्यावर हात देऊन उठली, दार ढकलत भिंतीपर्यंत नेलं आणि त्याला पाठ लावून, वाट मोकळी ठेवून, बाजूला उभी राहिली.