निघत्या माणसाला ‘कुठं’ म्हणू नये

आमच्या लडकूकाकांना ‘कुठं चाललात?’ असं विचारायची छाती अख्ख्या गावात कोणाची नाही. निघत्या माणसाला ‘कुठं’ म्हणू नये, ‘लांब का?’ एवढंच विचारावं, हे इथं सगळेच मानतात. पण काकांच्या लेखी तो नुसता अपशकुन नाही. विचारणारा एक तर चोर, नाहीतर पोलिसांचा खबऱ्या.

तसा त्यांचा संशय कोणावर नाही? खाडीकाठच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि काका होडी सोडून गोदामाच्या फाटकावर राखणीला बसले. वज्रेश्वरीच्या जत्रेची वर्गणी मागायला येणाऱ्यांचंही ते आधी आधार कार्ड बघतात. मोबाइलनं एकदा ‘लोकेशन चालू करा’ म्हटलं, तर त्यांनी तो तीन दिवस तांदळाच्या डब्यात कोंडून ठेवला.

याचं मूळ गावाला ठाऊक आहे. एकतीस वर्षांपूर्वी माझे वडील, दामू, होडी घेऊन निघाले तेव्हा आजीनं दारातून हाक मारली, “कुठं चाललास रं?” काका तिथंच होते. ते तिच्यावर खेकसले, “गप बस आये! निघताना इचारतंस?” वडील उत्तर न देताच गेले आणि परतले नाहीत. गावानं वरच्या अंगाला पुलापर्यंत खाडी पालथी घातली. चौथ्या दिवशी त्यांचा देह उलट दिशेला, खारबावच्या बाजूला सापडला. उलटलेल्या होडीला त्यांनी गमछ्यानं मनगट बांधून घेतलं होतं.

आजीच्या तोंडचा ‘कुठं’ भोवला, असं काकांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून आजीनं कोणालाच काही विचारलं नाही. मी शाळेतून रडत आलो तरी नाही. मला काकांचा याबद्दल राग होता, अजूनही आहे.

आणि अशा माणसाची मुलगी, उन्नती, विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर! गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. चहा पिताना मी सहज विचारलं, “दिवसभर विमानवाल्यांशी बोलतेस तरी काय?”

“नेहमीचंच. कुठून निघालात, कुठं चाललात, किती उंचीवर आहात. कोणी अडचणीत असलं तर आत माणसं किती, तेल किती वेळ पुरेल.”

काकांनी कप खाली ठेवला. “उडत्या मानसाला कुठं चाललास इचारतंस? पडद्यावर दिसतंय ना तो तुला? मंग? इश्वास न्हाय तुझा त्याच्यावर, असाच ना?”

“तसं नाही, बाबा. मला दिसतंय तेच त्यालाही दिसतंय ना, हे बघायचं असतं. आणि उद्या तो पडद्यावरून गेलाच, तर शोधायचं कुठं? किती जणांना? विचारून ठेवलेलं असलं तर शोधणारी माणसं नीट जागी पोचतात. वेळेवर.”

काका आपलंच मनगट चोळत होते.

“आन त्यानं सांगितला न्हाय तर?”

“परत विचारते. उत्तर येईपर्यंत.”

“बाजूचा कोन बोलला, गप बस, इचारू नको, तर?”

उन्नतीला त्या दिवसाची एवढी बारीक हकिकत माहीत नव्हती. ती हसून म्हणाली, “असं कोण म्हणेल, बाबा?”

काका उठून आत गेले. जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. काकांनी चपला घातल्या. वाट द्यायला आजीनं सवयीनं पाय आखडून घेतले आणि मान खाली घातली. काका हलले नाहीत.

“आये, खारबावला जातंय. एकटाच हाय. दुपारी जेवायला येन.”

आजीनं मान वर केली. म्हातारीच्या डोळ्यांत चक्क संशय होता. तिनं काकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा काकांकडे. हातातली शेंग तशीच राहिली.

“बसनं जातंस का रिक्षानं?” तिनं विचारलं.

काकांनी वाकून उगाच चपलेचा पट्टा नीट केला. आजीनं परत विचारलं.

“रिक्षानं, आये.”